डावा हात

आठव्या दिवशी सकाळी सरवरीने ओसरीवरच्या उन्हात दोन्ही हात पालथे धरले आणि रेशमाचा धागा आधी उजव्या हातावरून ओढला. धागा सुळकन सरकला. मग डाव्यावरून ओढला. तोही सुळकन सरकला, आणि सरवरीचं डोकंच फिरलं.

डाव्या हातावर धागा अडायला हवा होता. पहिल्या दिवशी तो दोन्हीकडे अडला होता. तिळाच्या तेलात मेण कढवून केलेला मलम तिने फक्त उजव्याला लावला, डावा मुद्दाम कोरडा ठेवला. म्हणजे मलमाचा गुण नेमका कळेल. भांडी दोन्ही हातांनी घासली, धुणं दोन्ही हातांनी धुतलं, लाड मात्र एकाच हाताचे केले.

हा सगळा खटाटोप नवऱ्यासाठी. सैफुद्दीन पटवा होता, मणी रेशमात ओवून गळ्यातल्या पोती गाठायचा. पौषाच्या थंडीने त्याची बोटं उलली होती आणि रेशीम बोटांत अडकून विसकटत होतं. आसेगावच्या कस्तुराबाईंच्या लेकीची काळी पोत गाठताना दोन लडी वाया गेल्या. विसकटलेल्या धाग्याची पोत कोणती आई लेकीच्या गळ्यात बांधू देईल? आठ दिवसांत पोत हाती लागली नाही तर मणी उचलून वाशिमच्या पटव्याकडे नेईन, असं बाई तोंडावर सांगून गेल्या होत्या.

मलम सरळ सैफुद्दीनच्या बोटांना लावायची मात्र सरवरीची छाती होईना. गेल्या हिवाळ्यात कुणा हकिमाच्या मलमाने त्याच्या बोटांना फोड आले होते आणि महिनाभर तिने त्याला घास भरवले होते. "आधी माह्या हातावर पाहू," ती म्हणाली होती. "तवर तुमी रेशमाले बोट लावाचं नाही." आणि रेशीम पेटीत कुलूपबंद करून किल्ली तिने कमरेला खोचली होती.

"काई कामाचा नाही हा मलम," ती आता रडकुंडीला येऊन म्हणाली. "न लावलेला हातही बरा झाला! थंडीच उतरली असंन. अन् डबी पाहा, अर्धी रिकामी. त्या मेल्या मांजरीनं चाटला."

सैफुद्दीन आढ्याकडे बघत होता. आढ्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"मांजरीले नको बोलू," तो हळूच म्हणाला.

"काहून?"

"म्या लावला. तुह्या डाव्या हाताले. दुपारी तुहा डोळा लागला का थोडा थोडा."

सरवरीने डावा हात त्याच्यासमोर धरला. "तो हात म्या मुद्दाम सोडला होता! फरक कळाले पाह्यजे म्हणून!"

"ठाऊक हाये मले. पण उजवा बरा होऊन राह्यला होता अन् डाव्यातून रगत येऊन राह्यलं होतं. मले नाही पाहवलं."

आठ दिवस पाण्यात गेले म्हणून तिला संताप आला. पण या माणसावर धड ओरडताही येत नाही, हेच तिचं जन्माचं दुःख होतं. तेवढ्यात रस्त्यावर दमणीच्या बैलांची घुंगरं वाजली.

"आल्या बाई," सैफुद्दीन म्हणाला. "मणी देऊन टाक त्याईले."

सरवरी उठली आणि मधेच थांबली. "कायनं लावत होते मलम?"

"कायनं म्हणजे? बोटानं. चांगला चोळत होतो, मंग फडक्याले हात पुसत होतो."

तिने कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली, लाल रेशमाचा एक धागा ओढून घेतला. सैफुद्दीनचा हात मांडीवर घेऊन तिने तो त्याच्या बोटांमधून, अंगठ्यावरून, उललेल्या पेरांवरून सावकाश ओढला. कुठेही अडला नाही.

"सैफुभाई!" दारातून कस्तुराबाईंचा आवाज आला. "झाली का पोत, का नेऊ मणी?"

"बसा बाई, गूळ-पाणी घ्या," सरवरी हात न सोडता म्हणाली. "आता गाठून देतेत."

आणि तिने धागा पुन्हा एकदा ओढून पाहिला. खरं तर एकदाच पुरे होतं.