घरातल्याचा ठावठिकाणा

नव्या कॉम्प्युटरला ग्रंथालयाच्या डोमेनमध्ये, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यात, घ्यायचं होतं, पण तो एकच हेका धरून बसला होता: या नावाचं डोमेन सापडत नाही. नेटवर्कवाल्या बाईंनी वायर बदलून पाहिली, मग सेटिंग उघडलं आणि त्यांना हसू आलं. “मशीन बिघडलंय का?” ग्रंथपालांनी विचारलं. “मशीन ठणठणीत आहे. घरातल्याचा ठावठिकाणा बाहेरच्या सर्व्हरला कधीचं विचारतंय. तो काय कपाळ सांगणार?” बाईंनी तिथे ग्रंथालयाच्याच सर्व्हरचा पत्ता भरला आणि पडद्यावर स्वागताची ओळ आली. त्यांनी फोन हातात घेतला. लेक त्यांच्याशी भांडून वेगळी राहत होती; तिच्या मैत्रिणीला पाठवायचा नेहमीचा निरोप लिहून तयार होता: ‘ती वेळेवर जेवते ना गं?’ बाईंनी तो पुसला आणि लेकीलाच फोन लावला. “आई? काय झालं?” “काही नाही. जेवलीस का?” “नाही अजून. तू?”