खालचा थर

काम वेळेत झालं की साहेबांना खिडकीवाली खोली मिळणार होती आणि मला ताईच्या बाळंतपणासाठी रजा. ग्राहकाच्या कारखान्याचे जुने प्रोग्राम क्लाउडवर हलवायचे होते. ते एकमेकांना पत्त्यावरून नव्हे, हाक मारून शोधतात, आणि हाक नेटवर्कच्या खालच्या थरातच ऐकू जाते. म्हणून आराखड्यात मी लिहिलं, ‘जोडणी खालच्या थराची’. उभारणी झाली, पण एकही प्रोग्राम ओ देईना. मंजूर प्रत काढली: ‘खालच्या’ खोडून साहेबांनी लाल पेनानं ‘वरच्या’ लिहिलेलं! “अहो, ग्राहकाला खालच्या थराचं देणं शोभतं का?” “साहेब, थर म्हणजे लायकी नव्हे!” “मग दुरुस्ती होईपर्यंत थांबा,” म्हणत त्याच पेनानं त्यांनी रजाही खोडली. “बहिणीला म्हणावं, जरा कळ काढ.” काम लांबलं तरी खिडकीवाली खोली साहेबांना मिळालीच. कळा ताईनं एकटीनं सोसल्या आणि तिच्या हाकेला ओ द्यायला मी नव्हते.