दाबा, जावईबापू

निळी गाडी काही केल्या वाट देत नव्हती.

तिच्या चालकाला सगळे खांब म्हणत. एकदा पुढे उभा राहिला की हलायचं नाव नाही. जावई अर्धी शर्यत त्याच्या मागे अडकून पडला होता. उघड्या चाकांच्या त्या चिंचोळ्या गाडीत त्याला असं आवळून बसवलेलं, की नाक खाजलं तरी शर्यत संपेपर्यंत खाजू द्यायचं.

तिसरा क्रमांक खांबाकडे होता आणि जावयाला तोच हवा होता. करंडकासाठी नव्हे, सुटकेसाठी. दोन अपघातांनंतर त्याला या खेळाचा वीट आला होता. गाडी शिकवण्याची एक साधी शाळा काढावी, जिथे काटा चाळीसच्या वर जाणारच नाही, एवढंच त्याचं स्वप्न. पण संघ सासऱ्यांचा, राहतं घर सासऱ्यांचं आणि करार अजून तीन वर्षांचा. घरजावयाने तोंड उघडायचं तरी कुठे?

सकाळी सरावाच्या फेरीत सासरे रेडिओवरून कानात म्हणाले होते, "आज तिसरे आलात, की करार फाडून टाकतो." गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने बायकोला सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

"बाबा शब्द फिरवत नाहीत," ती म्हणाली.

स्टिअरिंगवर एक लाल बटण होतं. दाबलं की इंजिनाला काही क्षण जादा जोर मिळायचा, पुढच्याला मागे टाकण्यापुरता. पण ते प्रत्येकाला मोजक्याच वेळा दाबता यायचं. जावयाची आता एकच खेप उरली होती.

"दाबा, जावईबापू, दाबा!" सासरे कानात ओरडले.

जावयाने बटणावरचा अंगठा मुकाट्याने उचलून घेतला.

सासऱ्यांची रीतच तशी होती. बाकीचे संघ रेडिओ चोरून ऐकत, म्हणून कानात येईल ते सगळं उलटं धरायचं. खरं काय ते हेडफोन उतरवून, तोंडावर. या एका युक्तीवर त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं.

आताही तेच झालं. ओरडा ऐकून खांबाच्या माणसांनी त्याला सावध केलं, त्याने घाबरून स्वतःचं बटण दाबलं आणि निळी गाडी उगाचच पुढे उधळली.

"टायर गेले तुमचे," सासरे म्हणाले. म्हणजे टायर ठणठणीत होते. "दाबा, हीच संधी आहे!"

खांबाने पुन्हा दाबलं. त्याची उधळपट्टी पाहून एरवी जावयाला हसू आलं असतं. आज तो फक्त उरलेली खेप मोजत होता. एक खेप, ती हुकली की आणखी तीन वर्षं याच खोबणीत.

शेवटची फेरी लागली.

"राहू द्या आता," सासऱ्यांनी सुस्कारा सोडला. "चौथ्यावर समाधान माना. बटणाला हातही लावू नका."

जावयाने अंगठा रोवला. इंजिन किंचाळलं, पाठ आसनात रुतली. खांबानेही दाबलं, पण त्याचा साठा केव्हाच संपला होता. चाकाला चाक लावून दोघे वळणात शिरले आणि बाहेर पडताना जावई पुढे होता.

तिसरा!

"शाब्बास, जावईबापू!" सासऱ्यांचा आवाज चक्क ओला झाला होता. "करार फाडला समजा. आजपासून तुम्ही मोकळे."

जावई हेल्मेटच्या आत हमसून हमसून रडला. "बाबा, फार उपकार झाले," एवढंच त्याला बोलता आलं. सावकाश परतता परतता त्याने मनातल्या मनात शाळेला पाटीसुद्धा लावून टाकली. भिंतीपाशी बायको दोन्ही हात हलवत होती. इतकी हलकी तर गाडी कधीच चालली नव्हती.

गाडी थांबली. मेकॅनिकने पट्टे सोडवले, हेल्मेटची रेडिओची वायर काढली. सासरे लगबगीने आले. त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला, खाली वाकून जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले,

"पुढच्या वर्षी बटण जरा आधी दाबायचं हं, जावईबापू."