आमचा देश कसा वाटला?

"मग, आमचा देश कसा वाटला?"

पाहुणीचा एक पाय अजून गाडीतच होता, तेवढ्यात थोरगिल्सनं विचारून टाकलं. आइसलंडमध्ये परक्या माणसाला हा प्रश्न विमानाच्या पायरीवरच विचारतात आणि 'फारच सुंदर' असं उत्तर आलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. थोरगिल्सनंही तो जन्मभर तसाच विचारला होता. आज मात्र त्याला वाईट उत्तर हवं होतं.

"फारच सुंदर," पाहुणी म्हणाली. वाऱ्यानं तिची टोपी कुंपणापलीकडे नेली होती, तरी बाई हसत होती.

आन्नेके तिचं नाव. हॉलंडची, शाळेत शिकवणारी, लहानपणापासून घोड्यांत वाढलेली. थोरगिल्सची पुतणी सोल्वेग तिला घेऊन आली होती. ओळखपाळख झाल्यावर तिनं काकाला बाजूला घेतलं.

"मी गावातली कामं उरकून संध्याकाळी येते. तिला सगळं दाखव. घर, कुरण, द्रीफा. आणि काका, आज जरा माणसासारखा वाग."

"माझ्या घोडीत तिला काय एवढं बघायचंय?"

"बघू दे की! तिला इथलं सगळं आवडलं पाहिजे, बास. फार खोदून विचारत बसू नकोस."

विचारायची गरजच नव्हती. गेल्या हिवाळ्यात थोरगिल्स तबेल्यात पडला होता. खाडीच्या टोकाला म्हाताऱ्यानं आणखी एक हिवाळा एकट्यानं काढायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या की त्याची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात. स्वतःपुरतं त्यानं मन मारलं होतं. जीव अडकला होता तो द्रीफात.

या बेटावरून घोडा एकदा बाहेर गेला की गेलाच. बाहेरची रोगराई नको म्हणून कायदा त्याला पुन्हा कधीच परत येऊ देत नाही. सोल्वेगच्या बापानं आपला घोडा असाच परदेशी विकला होता, आणि घोड्याला बोटीवर चढवून परतल्यावर बाप मयतीहून आल्यासारखा न जेवता झोपला होता. त्यामुळे घोड्यांतलं कळणारा परका माणूस दारात आला की तो घोडा न्यायलाच आला, याखेरीज इथल्या कुणालाही दुसरं काही सुचत नाही. द्रीफानं डोंगरापलीकडच्या शेजाऱ्याकडे जावं, याच गवतावर म्हातारं व्हावं, एवढंच थोरगिल्सचं मागणं होतं.

पाहुण्याला कॉफी आणि पातळ गोड धिरडी द्यायची रीत. त्यानं मेंढीचं भाजलेलं मुंडकं पुढ्यात ठेवलं.

"डोळासुद्धा खायचा?" आन्नेकेनं विचारलं.

"तोच तर खायचा असतो." मासेमारीच्या ट्रॉलरवर शिकलेलं त्याचं इंग्रजी मोडकं होतं, पण खवचटपणाला पुरेसं होतं.

तिनं डोळे मिटले, डोळा खाल्ला आणि पाणी पिऊन म्हणाली, "वाटलं होतं तितका वाईट नाही." बाई चिवट निघाली.

मग घोडी. द्रीफाच्या पाठीवर भरला पेला घेऊन बसावं आणि थेंब सांडू नये, अशी तिची चाल. थोरगिल्सनं लगाम मुद्दाम आखूड बांधला. द्रीफा खडकाळ रस्त्यावरच्या खटाऱ्यासारखी हादरत निघाली. आन्नेके कंबर धरून खाली उतरली.

"हिला काहीतरी टोचतंय. तिचा दोष नाही हा," ती म्हणाली आणि तिनं लगाम सैल केला. द्रीफानं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. घोडीच फितूर झाल्यावर कुणापुढे रडायचं!

कुंपणाशी बसून आन्नेके एकेक विचारू लागली. बर्फात रस्ता बंद पडतो का? सूर्य दिसत नाही तेव्हा माणसं काय करतात? थोरगिल्स तुटक उत्तरं देत राहिला.

"मी हिवाळ्यात येऊन महिनाभर राहणार आहे," शेवटी ती म्हणाली. "मगच ठरवीन."

"काय ठरवणार?"

तिनं नजर वळवली. "सोल्वेग सांगेल तुम्हाला."

तिला परतवायला आता उरलं होतं ते एकच. ते त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, पाद्र्यालाही नाही.

"माझी बायको, ऊना. तीही बाहेरचीच. सूर्य नसतानाच्या दिवसांत ती भिंतीकडे तोंड करून बसायची. एक दिवस उठली आणि खाडीकडे चालत गेली. बर्फावरून पाय घसरला, असं मी सगळ्यांना सांगितलं." तो खाडीकडे बघत म्हणाला, "घसरला नव्हता."

आन्नेकेनं हळूच विचारलं, "हे मला का सांगितलंत?"

"हिवाळ्यात येऊ नका म्हणून."

सोल्वेग आली तेव्हा आन्नेके सामान घेऊन रस्त्यावरच उभी होती. थोरगिल्सचा हात तिनं दोन्ही हातांत धरला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. गाडी वळणाआड गेली.

ऊनाचं गुपित उघडं पडलं याचं त्याला फार वाईट वाटलं. तरी द्रीफाच्या मानेत तोंड खुपसून तो हसला, मग रडला. घरात येऊन त्यानं कॉफी ठेवली, धिरडी घातली. पाहुणीला गावातल्या मुक्कामावर सोडून सोल्वेग परतली, तेव्हा घरभर लोण्याचा वास सुटला होता.

"बस, खा," तो म्हणाला. "गेली ना? येत नाही आता ती. वाचली माझी द्रीफा!"

सोल्वेग बूटही न काढता दारातच उभी राहिली.

"घोडी न्यायला कोण आलं होतं, काका? ती हे घर घेऊन इथंच राहणार होती, आणि तू आणि द्रीफानं इथून हलायचं नाही, ही तिचीच अट होती."