करूळ घाटातली गाडी
"पुढची चाकं उचलून गाडी ओढू नकोस," घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी भिवा मेस्त्री मुलाला म्हणाले. "हिच्या चारही चाकांना इंजिन जोडलेलंय. मागची फिरली की आतले गिअर जळतील. सपाट ट्रक मागव, अख्खी गाडी वर चढवू."

"ट्रक यायला तीन तास लागतील, बाबा. आणि नव्या गाड्यांतलं तुम्हाला काय कळतं?" केदार खेकसला. गाडीचा मालक लांब टपरीवर चहा पीत होता. केदारने क्रेनने गाडीचं नाक उचललं आणि सगळे करूळ घाट उतरू लागले.

पायथ्याशी गाडीखालून धूर निघाला, करपलेल्या तेलाचा वास सुटला. मालक ओरडला, "ही अक्कल कोणाची?"

केदारने बापाकडे बोट दाखवलं. "यांची. कितीही सांगा, ऐकत नाहीत."

मेस्त्रींनी मुलाकडे पाहिलं. मग त्यांनी हात जोडले. "चुकलं, साहेब." मालकाने त्यांचा आईबापासकट उद्धार केला.

परतताना पोरगा एखादा शब्द तरी बोलेल, असं त्यांना वाटत होतं. गाव जवळ आल्यावर केदार बोलला.

"उद्यापासून गॅरेजात येऊ नका, बाबा. तुमच्यामुळे नाव खराब होतं."