यंदाची तारीख

सुभद्राबाईंच्या ओट्यावर बसून वर्षाली मॅडमनी पाण्याचा पेला रिकामा केला आणि शाळेतून निघाल्यापासून मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

"आजी, यंदा मुलांची धाव तुमच्या गल्लीतून जाणार नाही."

सुभद्राबाई मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही. "का बाई? रस्ता खणणार हायत का?"

"नाही. चाकणच्या एका कंपनीनं त्यांचं मैदान दिलंय. शाळेत प्रयोगशाळा करायचीय, तिचा सगळा खर्चही तेच देणार, एकाच चेकनं. मुलांना कार्ड घेऊन दारोदार फिरायला नको, गाड्यांची भीती नको."

दिघीतल्या त्या शाळेची धाव नऊ वर्षांपूर्वी वर्षालीनंच सुरू केली होती, साठ मुलांना घेऊन. मुलं आधी घरोघर जाऊन कार्डावर सह्या घ्यायची. कुणी फेरीमागे पाच रुपये लिहायचं, कुणी दहा. मग रविवारी सकाळी सगळी गल्ली बाहेर येऊन आपापल्या सहीची पोरं शोधत उभी राहायची. त्यातून वाचनालय झालं, मुलींची स्वच्छतागृहं झाली. यंदा मुलं नऊशेच्या वर गेली होती. परवानग्या, रुग्णवाहिका, टी-शर्ट, सगळं तिच्याच डोक्यावर. गेल्या वर्षी धाव संपल्यावर ती शाळेच्या पायरीवर बसून रडली होती, नुसती थकून. कंपनीचं पत्र आलं तेव्हा समितीत सगळ्यात आधी 'हो' तिनंच म्हटलं होतं.

"चांगलं झालं की," सुभद्राबाई म्हणाल्या. तेवढंच. त्या चिडल्या असत्या तर वर्षालीला सोपं गेलं असतं.

जिन्यावरून वरचा भाडेकरू उतरला. भिवा. अंगात त्याच्या कारखान्याचा युनिफॉर्म, हातात डब्याची पिशवी. दर वर्षी हाच माणूस कोपऱ्यावर लाल फडकं घेऊन उभा राहायचा आणि शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत टेम्पोवाल्यांच्या शिव्या खात गाड्या अडवून धरायचा.

"मॅडम! बरं झालं भेटलात. कव्हा हाय यंदा? रात्रपाळी लागली तर सातला सुटतो मी. साहेबाला आधीच सांगून ठेवावं लागतंय."

सुभद्राबाईच म्हणाल्या, "यंदा पोरं कंपनीच्या मैदानावर पळणार हायत, भिवा."

"असं व्हय." त्यानं जरा विचार केला. "मंग तिथं ट्रक-टेम्पो नसतील."

"नसतील," वर्षाली म्हणाली.

"मंग बरंच झालं की." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बाहेरच्या माणसाला आत सोडत्यात का तिथं?"

"पास आहेत... पालकांना."

"हां. पालकांना." भिवा हसला. त्याची दोन्ही लेकरं तिकडं गावी, औशाला, आजीपाशी राहून शिकत होती. "येतो मॅडम. गाडी चुकंल."

तो गेला. दुपारच्या त्या शांत गल्लीत त्याचे बूट बराच वेळ वाजत राहिले.

"कंपनीनं पुढच्या वर्षी नाही म्हटलं तर आम्ही परत इकडेच येणार, आजी," वर्षाली घाईघाईनं म्हणाली.

"या की. घर कुठं पळून चाललंय?" सुभद्राबाईंनी मूठभर मेथी परातीत टाकली. "पण तवर आमची सवय मोडली आसंल. पयल्या सालाला तुझी पोरं दारात आली तवा मी हाकलून लावली व्हती. आठवतं का? सवय लागायला तीन सालं गेली माझी."

आठवत होतं. त्या वर्षी अख्ख्या गल्लीत दोनच दारं उघडली होती.

वर्षालीनं फोन काढला आणि मुख्याध्यापकांना लावला. "सर, धाव जुन्याच रस्त्यानं घेऊ या. कंपनीवाल्यांना यायचं असेल तर त्यांनीही कार्डावर सही करावी, सगळ्यांसारखी."

"मॅडम, ठरावावर पहिली सही तुमची आहे!"

"माहितीय."

"चेक नाही आला तर प्रयोगशाळेचं काय?"

"यंदा अर्धी होईल."

"आणि ही सगळी धावपळ परत तुम्हीच करणार? गेल्या वर्षी काय हालत झाली होती तुमची?"

समोर सुभद्राबाई मान खाली घालून काड्या बाजूला काढत होत्या, पण कान इकडेच होते.

"एकटी नाही करणार, सर. यंदा माणसं मागणार आहे. आजवर नुसत्या सह्याच मागितल्या."

"समितीपुढे तुम्हीच बोला मग," सर शेवटी म्हणाले. "तारीख?"

"तीच. अठरा जानेवारी."

फोन ठेवताच सुभद्राबाई म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतीस? भिवाला सांग जा. कोपऱ्यावर उभा आसंल अजून."

वर्षालीनं चपला पायात सरकवल्या. आधी ती भरभर चालली. मग कोपऱ्यावर भिवाच्या कारखान्याची बस येऊन थांबलेली दिसली तशी ओढणी कमरेला बांधून पळत सुटली. नऊ वर्षं ती शिट्टी घेऊन शाळेच्या फाटकाशीच उभी राहिली होती; या रस्त्यावरून स्वतः कधी पळालीच नव्हती. "भिवाभाऊ! अठरा तारीख! साडेसहा!" गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघू लागली. किराणावाला गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. वरून एक पोरगी ओरडली, "आई, मॅडम पळतायत!"

आणि कुठल्या तरी गॅलरीतून टाळ्या सुरू झाल्या.