खारीचा आवाज

"काय करून राहिली वं बाई?" पडद्यावरच्या चिमणखारीने विचारलं आणि चार वर्षांची इरा खदखदून हसली.

शेजारी बसलेल्या तिच्या आजीचा, शैलजाताईंचा, जळफळाट झाला. जुन्या कार्टूनमध्ये चिमणखारीचा आवाज त्यांचाच होता. नवा सिनेमा मात्र आधी आठवडाभर घरातलं बोलणं ऐकायचा आणि बघणाऱ्या मुलाच्या सगळ्यात लाडक्या माणसाच्या आवाजात खारीला बोलायला लावायचा. या घरात दुसरा आवाज येणारच नाही, असं शैलजाताई धरून चालल्या होत्या. आला तो नागपूरहून महिनाभर राहायला आलेल्या विहीणबाईंचा. त्या आत्ता स्वयंपाकघरात नातीसाठी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत होत्या.

"खरी चिमणखार मी आहे, माहितेय?" म्हणत शैलजाताईंनी तो जुना, टिपेचा आवाज लावला. "आले रे आले, शेंगा लपवा!"

इराने मान हलवली. "खार असं नाही बोलत, आजी."

शैलजाताईंनी उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग घसा खाकरून अगदी हळू म्हणाल्या, "काय करून राहिली वं बाई?"

इरा येऊन त्यांच्या मांडीवर बसली.